फ्रीज पाहावा घेऊन!

ऑनलाइन शॉपिंगमध्ये आपण एकदम एक्स्पर्ट! त्यामुळे वेळापूरहून दादाचा फोन आला, ‘मेडिकल टाकतोय, फ्रीज कुठला घेऊ?’ तेव्हा पुण्यातल्या ऑफिसात बसून मी दोन मिनिटांत लिंक पाठवली. 300 लिटर, डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, झकास मरून रंग.

‘तुझ्या बिअरला ठीक आहे रे,’ दादा म्हणाला, ‘मला इन्सुलिन ठेवायचंय.’

विकेंडला गावी गेलो, तर त्याने माझा क्लासच घेतला. इन्सुलिनच्या साठ्याला लागतं 2 ते 8 अंश सेल्सिअस. घरच्या फ्रीजचं दार दर उघडझापीला तापतं, आणि मागच्या भिंतीला टेकलेली वस्तू गोठू शकते. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं, तरी त्याचा भरवसा संपलेला असतो. आमची आजी रोज दोनदा टोचून घेते. ऐकून पोटात गोळाच आला!

म्हणून औषधांसाठी बनवलेलाच फ्रीज हवा. आत सगळीकडे सारखा गारवा खेळवणारा पंखा, बाहेर तापमानाचा आकडा आणि गडबड झाली की ओरडणारा अलार्म.

आणि लाइट गेली तर? सरकारी आरोग्य केंद्रात लसींसाठी ‘आयएलआर’ असतो. वरून झाकण उघडणारी पेटी, भिंतीत बर्फाचं अस्तर. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली, तरी आतला गारवा टिकतो. झाकण वर का? थंड हवा जड असते, ती तळाशी बसून राहते. उभं दार उघडलं की तीच हवा पायावर सांडते! म्हणजे दुकानात ‘किती लिटर?’च्या आधी विचारायचं, ‘लाइट गेल्यावर किती तास?’

तिसरा फंडा क्लायमेट क्लासचा. ‘एन’ म्हणजे बाहेर 32 अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे 38 आणि ‘टी’ म्हणजे 43. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ‘टी’ला पर्याय नाही. आइस्क्रीमचं दुकान टाकणार असाल, तर गणितच वेगळं. तिथे उणे 18 अंशांचा डीप फ्रीझर लागतो. जसं काम, तसा फ्रीज.

दादाने घेतलेला फ्रीज माझ्या लिंकच्या दुप्पट किमतीला पडला. काउंटरचं सनमायकाचं फर्निचर त्याने पुढच्या वर्षावर ढकललं. ‘आषाढात माउलींची पालखी इथे मुक्कामाला येते. एखाद्या वारकऱ्याला माझ्याकडचं इन्सुलिन लागू पडलं नाही, तर फर्निचर काय चाटायचंय?’ आता तो रोज सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहून ठेवतो.

आणि आजीचं इन्सुलिन? ते फ्रीजच्या दारातून मधल्या कप्प्यात आलंय. तुमच्या घरी कुठे असतं हो? आजच बघा!