पॉवर ओव्हर इथरनेट
पॉवर ओव्हर इथरनेट (संक्षेपाने पीओई) ही नेटवर्कच्या एकाच केबलमधून माहिती आणि वीज दोन्ही वाहून नेण्याची पद्धत आहे. सुरक्षा कॅमेरे, आयपी दूरध्वनी, वाय-फाय संच यांसाठी ती वापरली जाते. आयईईई या संस्थेने २००३ मध्ये ८०२.३एएफ हे तिचे मानक प्रसिद्ध केले. २००९ व २०१८ मधील मानकांनी तिची क्षमता वाढवली.

==कार्यपद्धती==
केबलमध्ये पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. वीज एका जोडीतून जाते व दुसरीतून परतते. जोडीतील दोन्ही तारांवर विद्युतदाब सारखाच असल्याने त्यांच्यातील फरकावर चालणाऱ्या माहितीच्या संकेतांना बाधा येत नाही. ध्वनिमुद्रणातील मायक्रोफोनची ४८ व्होल्टची फँटम पॉवरही याच तत्त्वावर चालते.

विद्युतदाब सुमारे ४८ व्होल्ट ठेवण्याचे कारण तारेच्या रोधात आहे. १०० मीटर केबलचा जाण्यायेण्याचा रोध २००३ च्या मानकात २० ओहमपर्यंत धरला आहे. ६ वॉटच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर प्रवाह लागतो. तेवढ्याने तारेतच १० व्होल्ट खर्ची पडतील आणि कॅमेरा सुरूच होणार नाही. ४८ व्होल्टवर ही घट तीन व्होल्टांहून कमी राहते. म्हणूनच पुरवठ्याच्या टोकाला १५.४ वॉट दिले, तरी उपकरणाला १२.९५ वॉटचीच हमी असते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलमध्ये घट आणखी वाढते.

वीज सोडण्यापूर्वी स्विच पलीकडच्या उपकरणात सुमारे २५ किलोओहमचा ओळखरोध आहे का, हे तपासतो. ‘पॅसिव्ह’ पीओईत ही तपासणी नसते. चुकीचे उपकरण जोडल्यास ते जळू शकते.

==बाह्य मायक्रोफोन==
ॲनालॉग मायक्रोफोन नेटवर्क केबलला थेट जोडता येत नाही. साध्या इलेक्ट्रेट मायक्रोफोनला लागणारे मोजके व्होल्ट अनेक कॅमेऱ्यांच्या ध्वनी-खाचेतूनच मिळतात. अंगभूत प्रवर्धक असलेल्या मायक्रोफोनला मात्र बहुधा १२ व्होल्ट लागतात. कॅमेऱ्यावर तशी जोडणी नसेल, तर त्याच्याजवळ पीओई स्प्लिटर बसवतात. तो ४८ व्होल्टचे १२ व्होल्ट करून दोन्ही उपकरणांना वीज देतो आणि माहितीची तार कॅमेऱ्याकडे सोडतो. मायक्रोफोनचा भार किरकोळ असतो. रात्री लागणाऱ्या अवरक्त दिव्यांचा भार धरूनच स्प्लिटर निवडावा लागतो.

मायक्रोफोनला वेगळा अडॅप्टर लावल्यास दोन भूसंपर्कांमुळे आवाजात ५० हर्ट्झची घरघर शिरू शकते. सामाईक स्प्लिटरमुळे ती टळते, परंतु निकृष्ट स्प्लिटरचा स्वतःचा गोंगाट ध्वनिमुद्रणात उतरतो.