जखमीला कुठे न्यायचं?

महामार्गावर ‘ट्रॉमा केअर सेंटर’ असा फलक दिसला की प्रवाशाला धीर वाटतो. त्या इमारतीत रात्री दोन वाजता शल्यचिकित्सक हजर असतो का, भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतो, रक्ताची पिशवी तिथेच मिळते की जिल्ह्याच्या गावाहून आणावी लागते, हे फलकावर लिहिलेलं नसतं. जखमी माणसाचं आयुष्य मात्र याच गोष्टींवर ठरतं. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. रस्ते सुधारणं, वेग आवरणं, हेल्मेट घालणं यावर आपण बरंच बोलतो आणि ते बोललंच पाहिजे. पण अपघात होऊन गेल्यावर त्या माणसाला कुठे न्यायचं आणि तिथे आधी काय करायचं, या प्रश्नाचंही एक शास्त्र आहे. ते गेल्या साठ वर्षांत घडत गेलं.

त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९६६ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने एक अहवाल काढला आणि अपघाती इजा हा आधुनिक समाजाने दुर्लक्षिलेला आजार आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं. त्याच सुमारास शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात जखमींसाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. १९७६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने गंभीर जखमींसाठी रुग्णालयात काय काय हवं याची मानकं लिहून काढली. आजचे स्तर त्यातूनच आले.

यातला पहिला स्तर सर्वांत वरचा. तिथे मेंदू, हाडं, छाती, रक्तवाहिन्या यांचे तज्ज्ञ चोवीस तास उपलब्ध असतात, शिवाय शिक्षण आणि संशोधनही चालतं. गंभीर जखमी दारात आल्यापासून पंधरा मिनिटांत शल्यचिकित्सक त्याच्याजवळ हवा, अशी अट असते. वर्षाला किमान ठरावीक संख्येने जखमी दाखल व्हायला हवेत, अशीही अट असते, कारण हात सरावात राहिले नाहीत तर यंत्रं असून उपयोग होत नाही. दुसऱ्या स्तरावर उपचार जवळपास तेच असतात, संशोधनाची सक्ती नसते. तिसऱ्या स्तरावर शल्यचिकित्सकाने अर्ध्या तासात यायचं, रक्तस्राव थांबवायचा आणि गरज असेल तर पुढे पाठवायचं. चौथा स्तर लहान गावातल्या रुग्णालयाचा. तिथे जीव टिकवायचा आणि वेळ न घालवता योग्य जागी रवाना करायचं. हे स्तर म्हणजे रुग्णालयांची गुणवत्ता यादी समजू नये. कोणत्या जखमीने कुठे जायचं, याचा तो आधीच केलेला करार आहे.

या कराराचा उपयोग होतो का, हे कॅलिफोर्नियातल्या दोन परगण्यांच्या तुलनेतून दिसलं. सॅन फ्रान्सिस्कोत सगळे गंभीर जखमी एकाच मोठ्या रुग्णालयात नेले जात. ऑरेंज काउंटीत ज्याला जे जवळ पडेल त्या रुग्णालयात. संशोधकांनी दोन्हीकडच्या सुमारे नव्वद-नव्वद मृत्यूंची कागदपत्रं तपासली आणि १९७९ साली निष्कर्ष छापले. ऑरेंज काउंटीत डोक्याला मार नसलेल्या मृत्यूंपैकी जवळपास दोन-तृतीयांश टाळता आले असते. सॅन फ्रान्सिस्कोत असा मृत्यू फक्त एक. पुढे ऑरेंज काउंटीनेही जखमींसाठी ठरावीक रुग्णालयं नेमली. २००६ मध्ये अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की पहिल्या स्तराच्या केंद्रात मृत्यूचा धोका साध्या रुग्णालयापेक्षा पंचवीस टक्क्यांनी कमी असतो.

तरीही मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तळाचा स्तर. फेब्रुवारी १९७६ मध्ये जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यचिकित्सक आपलं छोटं विमान चालवत होते. नेब्रास्कातल्या एका शेतात ते कोसळलं. पत्नी जागीच गेली. चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी होती. रस्त्यावरची एक गाडी थांबवून ते जवळच्या गावच्या रुग्णालयात पोहोचले आणि तिथल्या डॉक्टरांना गंभीर जखमीला हाताळण्याचं शिक्षणच मिळालेलं नाही, हे त्यांनी स्वतःच्या मुलांच्या बाबतीत पाहिलं. दोष त्या डॉक्टरांचा नव्हता. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा डॉक्टरांसाठी अभ्यासक्रम बांधला, १९७८ मध्ये तो पहिल्यांदा शिकवला आणि १९८० मध्ये कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. आज एटीएलएस या नावाने तो आपल्याकडचे डॉक्टरही शिकतात.

त्याचा गाभा असा की रोगाचं नाव शोधत बसायचं नाही. जे आधी मारेल ते आधी आवरायचं. श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची शुद्ध, आणि शेवटी सगळे कपडे काढून अंगभर तपासणी, लगेच वर पांघरूण. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो, ते काही मिनिटांत जीव घेतं. मानेला धक्का न लावता जबडा पुढे उचलला तर वाट मोकळी होते. छातीत हवा कोंडून फुप्फुस आणि हृदय दोन्ही दाबलं जात असेल तर एक्स-रेची वाट पाहायची नसते, सुई घालून हवा सोडायची असते. आणि वाहतं रक्त डोळ्यांसमोर दिसत असेल तर या सगळ्याच्या आधी ते दाबून धरायचं. या अभ्यासक्रमाच्या नव्या आवृत्तीने तर जीवघेणा रक्तस्राव थांबवणं हीच पहिली पायरी केली आहे.

इथे फसवणूक होते ती रक्तदाबामुळे. धडधाकट तरुणाचं जवळपास तीस टक्के रक्त जाईपर्यंत वरचा रक्तदाब बरा दिसू शकतो. त्याआधी नाडी जोरात पळू लागते, हातपाय गार पडतात, माणूस अस्वस्थ होतो, पाणी मागतो. ‘बीपी नॉर्मल आहे’ म्हणून बाजूला ठेवलेला जखमी तासाभरात कोसळतो, तो यामुळे. पूर्वी अशा वेळी सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या लावत. आता कळलं आहे की गार सलाईन रक्त पातळ करतं, शरीर थंड पाडतं आणि गोठण्याची शक्तीच घालवतं. म्हणून लवकर रक्त द्यायचं, अंग ऊबदार ठेवायचं. कमरेची हाडं मोडली असतील तर दोन्ही मांड्यांच्या वरच्या उंचवट्यांवरून चादर घट्ट आवळली तरी आतला रक्तस्राव आटोक्यात यायला मदत होते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे स्वस्त इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं तर मृत्यू कमी होतात, हे वीस हजारांवर रुग्णांच्या जागतिक अभ्यासातून सिद्ध झालं. त्या अभ्यासात भारतातले रुग्णही होते. तीन तासांनंतर मात्र ते घातक ठरू शकतं. यातलं काहीही ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचं नाही.

आपल्याकडे शिडी आहे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल, मग वैद्यकीय महाविद्यालय. अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्र सरकारने सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यांवर साधारण शंभर किलोमीटरला एक अशा अंतराने स्तरवार ट्रॉमा केंद्रं आखली. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय रेल्वे आणि रस्त्यावरचे जखमी पिढ्यान् पिढ्या सांभाळत आलं आहे. जोगेश्वरीला द्रुतगती मार्गालगत बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं ट्रॉमा रुग्णालय आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या. त्यांपैकी २३३ प्रगत साधनांच्या होत्या, आणि प्रत्येकीत डॉक्टर ही इतर अनेक राज्यांना न जमलेली गोष्ट महाराष्ट्राने केली. याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे.

पण शिडीच्या पायऱ्या एकमेकींशी बोलत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी नातेवाईक जे ऐकतात ते एवढंच, ‘पुढे हलवा’. कुठे, कोणाकडे, तिथे खाट आहे का, हे कोणी सांगत नाही. सिव्हिलमधून ससून, घाटी किंवा सीपीआर अशा मोठ्या रुग्णालयाकडे प्रवास होतो आणि प्रत्येक दारात पहिल्यापासून सुरुवात. आधीच्या डॉक्टरने किती वाजता काय दिलं याची चिठ्ठी असतेच असं नाही. खरं तर पाठवण्याआधी तीन गोष्टी पुरतात. श्वासाची वाट राखणं, रक्त थांबवणं आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करणं. त्या फोनवर वय, इजा, नाडी, रक्तदाब, शुद्ध आणि दिलेली औषधं सांगितली तर तिथले लोक शस्त्रक्रियागृह आणि रक्त तयार ठेवू शकतात. या फोनला पैसे लागत नाहीत. तो कोणी करायचा हे ठरलेलं असावं लागतं.

कायदा या बाबतीत पुढे गेलेला आहे. आधी उपचार, पोलिसी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात बजावलं. मदतीला धावणाऱ्याला चौकशीचा जाच होऊ नये म्हणून २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना न्यायालयाने बळ दिलं, २०१९ मध्ये ते संरक्षण मोटार वाहन कायद्यात आलं. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार मिळण्याची योजना लागू झाली. नेमलेल्या रुग्णालयांत नातेवाईकांकडे आगाऊ रक्कम मागण्याचं कारणच त्यामुळे उरत नाही, आणि हे प्रत्येक वाहनचालकाला माहीत असायला हवं.

राहतो तो शोध. ऑरेंज काउंटीचा अभ्यास झाला तो मृत्यूंच्या कागदपत्रांवरून. आपल्याकडे अपघाती मृत्यूचं शवविच्छेदन नियमाने होतं. तो अहवाल पोलिसांच्या आणि विमा दाव्याच्या फायलीत जातो. आतल्या रक्तस्रावाने गेलेला तो माणूस किती वेळ कुठे पडून होता, कोणत्या रुग्णालयात किती थांबला, हे त्या अहवालाशेजारी ठेवून कोणी पाहत नाही. बाळंतपणात आई दगावली तर आपला आरोग्य विभाग त्या मृत्यूचं अन्वेषण करतो, जिल्ह्याची समिती बसते, उशीर कुठे झाला ते विचारलं जातं. तीच समिती, तोच रिवाज अपघाती मृत्यूंना लावता येईल. जिल्हा शल्यचिकित्सक, १०८ चा व्यवस्थापक, न्यायवैद्यक डॉक्टर आणि वाहतूक पोलिसांचा अधिकारी, महिन्यातून एकदा, त्या महिन्यातल्या प्रत्येक मृत्यूच्या कागदांसह. एखाद्या जिल्ह्याने हे पुढच्या वर्षी सुरू केलं, तर कोणत्या वळणावर रुग्णवाहिका उभी करायची आणि कोणत्या ग्रामीण रुग्णालयात रक्तसाठवण केंद्र आधी द्यायचं, हे त्या जिल्ह्याला वर्षभरात स्वतःच्या नोंदींवरून ठरवता येईल.