जुन्या गाडीतील नवे इंजिन आणि पाण्याच्या नळ्या

उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अर्धशतकाहून अधिक काळ बाहेर पडत राहिलेल्या आणि 2014 साली जिचे उत्पादन थांबले त्या अ‍ॅम्बॅसडर गाडीत दीर्घकाळ ब्रिटिश घराण्याचे 1489 घन सेंटिमीटरचे इंजिन असे. 1990 च्या दशकाच्या आरंभी खुद्द कारखान्यानेच त्याच्या जोडीला इसुझू या जपानी कंपनीच्या रचनेचे 1817 घन सेंटिमीटरचे इंजिन आणले, आणि आपल्या दारातील जुन्या गाडीलाही तसेच इंजिन लाभावे, अशी इच्छा तिच्यावर जीव असलेल्या मालकास होणे स्वाभाविकच आहे. परंतु कारखान्यापाशी आरेखकांचे दालन असते आणि खासगी मालकापाशी असतो एक कसबी मिस्त्री. इंजिन, गिअरबॉक्स, माउंटिंग यांची तजवीज तो करतो, परिवहन कार्यालयाची परवानगी काढून नोंदणीच्या दस्तऐवजात नव्या इंजिनाचा क्रमांक चढवून घेतो, आणि रेडिएटरच्या दोन रबरी नळ्या, ज्यांना बाजारात सर्वजण होज पाइप म्हणतात, त्या मात्र शेवटच्या दिवशी दुकानात जे मिळेल त्यावर सोपवून देतो. एरवी निर्दोष झालेले परिवर्तन पहिल्याच घाटात वाफा सोडू लागते त्याचे मूळ पुष्कळदा या उपेक्षेत असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या नळ्यांचे कार्य वरकरणी सारखे दिसले तरी त्यांच्यावर पडणारा ताण भिन्न प्रकारचा आहे. इंजिनातून तापून निघालेले पाणी वरच्या होजमधून रेडिएटरच्या माथ्याशी जाते, जाळीतून उतरताना थंड होते आणि खालच्या होजमधून वॉटर पंपाकडे परत येते; म्हणजे वरची नळी उष्णता आणि दाब सोसते, तर खालच्या नळीवर पंपाच्या शोषणाचा अंमल चालतो. इंजिनाचा वेग वाढला की नरम पडलेली खालची नळी आत दबते आणि पाण्याची वाट चिंचोळी होते, मग गाडी उभी करून पाहावे तर सर्व काही यथास्थित दिसते. यासाठीच काही गाड्यांच्या खालच्या होजमध्ये तारेची स्प्रिंग घातलेली असते, आणि बदललेल्या गाडीत ही नळी लांब किंवा वळणाची होणार असेल तर स्प्रिंग असलेली किंवा जाड विणीची नळीच पसंत करावी.

मापाचा निर्णय नजरेवर सोडू नये. इंजिनाची दोन आणि रेडिएटरची दोन अशा चारही तोंडांचा बाह्य व्यास कॅलिपरने मोजून लिहून ठेवावा, कारण जुन्या रेडिएटरची तोंडे इंचाच्या हिशेबाची आणि नव्या इंजिनाची मिलिमीटरच्या हिशेबाची, असा प्रसंग हटकून येतो. अगदी जुन्या काळी, फोर्डच्या मॉडेल टीसारख्या गाडीत, पाणी पंपावाचून केवळ तापल्याने हलके होऊन वर चढत असे, आणि तेवढ्या मंद अभिसरणासाठी रुंद नळ्या आवश्यक असत. पंप आल्यावर ती निकड उरली नाही. दीड इंची नळी 32 मिलिमीटरच्या तोंडावर चढवून क्लिप आवळून आवळून पाणी थांबविण्याचा शिरस्ता सर्वस्वी त्याज्य आहे, कारण रबराला पडलेली चुणी हीच पुढे गळतीची वाट होते. अशा ठिकाणी एका टोकास रुंद व दुसऱ्या टोकास अरुंद अशी घडीव नळी मिळवावी, अथवा दोन व्यासांची धातूची जोडनळी करून घ्यावी. मात्र इंजिनकर्त्याने आपल्या तोंडाचे जे माप मुक्रर केले आहे त्याहून वाट कोठेही अरुंद होऊ देऊ नये.

खरा विचार मागते ती वाट. नव्या इंजिनाचे तोंड डावीकडे आणि रेडिएटरचे उजवीकडे आले की नळी पंख्यावरून किंवा तापलेल्या एक्झॉस्टजवळून ओढून नेण्याचा मोह होतो. त्यापेक्षा पितळी रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडे नेऊन त्याचे तोंडच दुसऱ्या बाजूस डाग देऊन बसवून घेणे कितीतरी शहाणपणाचे. वाट ठरल्यावर वेल्डिंगची जाड तार दोन तोंडांच्या मध्यापासून मध्यापर्यंत हवी तशी वाकवावी आणि ती घेऊन पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात जावे. भिंतीवर टांगलेल्या शेकडो नळ्यांत ज्या नळीचा एखादा भाग तारेच्या वळणाशी जुळेल ती घ्यावी, मग ती कोणत्या गाडीची आहे याची फिकीर करू नये, आणि जास्तीचा भाग धारदार पात्याने सरळ कापावा. कशीही वाकणारी घड्यांची नळी सोयीची वाटते खरी. परंतु तिच्या आतील घड्या प्रवाह अडवितात, त्यांत गाळ साठतो, आणि तडाही प्रथम तेथेच जातो. लांब अंतर असेल तेथे मध्ये धातूची नळी घालण्यास हरकत नाही; मात्र तिच्या दोन्ही टोकांना उंचवट्याची कडा असावी आणि तिचा इंजिनाशी सांधा रबराचाच असावा, कारण रबरी माउंटिंगवरील इंजिन प्रत्येक धक्क्याला डोलते, रेडिएटर मात्र चौकटीशी घट्ट जखडलेला असतो, आणि या दोहोंतील तंटा मिटविण्याचे काम त्या रबरावरच येऊन पडते. वरची नळी वाटेत रेडिएटरच्या झाकणाहून उंच चढत असेल तर त्या उंचवट्यात हवा कोंडते. तेथे हवा सोडण्याचा स्क्रू ठेवावा किंवा पाणी भरण्याची टाकीच सर्वांत उंच जागी न्यावी.

आजच्या बहुतेक नळ्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या, आत धाग्यांची वीण घातलेल्या असतात. उष्णता आणि शीतक द्रव यांना हे रबर चांगले तोंड देते. परंतु तेलापुढे ते हतबल होते, आणि म्हणून इंजिनऑइल किंवा डिझेल झिरपणाऱ्या जागेखालून नळी नेणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने तोडणे होय. रंगीत सिलिकॉनच्या नळ्या अधिक उष्णता सोसतात. तरी तेलाशी त्यांचेही पटत नाही, आणि नेहमीच्या रस्त्यावरील गाडीस त्यांचा वाढीव खर्च मला अनाठायी वाटतो. वापरलेली नळी मात्र कधीही घेऊ नये: धातू, शीतक आणि रबर यांच्यात चालणाऱ्या सूक्ष्म विद्युतरासायनिक क्रियेने ती आतून चिरत जाते, बाहेरून तिची कांती तशीच राहते, आणि क्लिपेजवळ चिमटीत दाबून पाहिल्यावरच आतील पोकळपणा बोटांना कळतो.

दाबाची बाब यानंतर येते. झाकणाने दर चौरस इंचास एक पौंड दाब राखला की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंश सेल्सिअसने वाढतो. उलट महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळू लागते, यावरून घाट चढणाऱ्या गाडीला त्या झाकणाचा आधार किती आहे ते ध्यानात यावे. तथापि नव्या इंजिनाचे 15 पौंडांचे झाकण 7 पौंडांसाठी घडविलेल्या जुन्या रेडिएटरवर बिनदिक्कत चढविले तर नळ्या टिकतील आणि डागच उकलतील. जो भाग सर्वांत दुर्बळ, त्याच्या मानाने झाकण निवडावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडील वहिवाटही येथे सोडावी लागेल. अनेक इंजिनांत तो काढल्याने रेडिएटर टाळून जाणारी आडवाट कायमची उघडी राहते आणि इंजिन उलट अधिकच तापते. हीटर नसलेल्या जुन्या गाडीत नव्या इंजिनाच्या हीटरची तोंडे बंद करण्यापूर्वी तो मार्ग थर्मोस्टॅटला पाणी पोचविणारा नाही ना, याची खातरजमा करावी.

क्लिप साधी, स्क्रूने आवळणारी चालते. 1921 साली लमली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदलाच्या माजी अधिकाऱ्याने पेटंट घेतलेली ती जुबिली क्लिप अजूनही तिचे काम चोख करते. ती तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसवावी, उंचवट्यावर नव्हे. इंजिन प्रथम पुरते तापून पूर्ण निवल्यावर रबर थोडे बसते, तेव्हा सर्व क्लिपा पुन्हा एकदा आवळाव्यात, आणि मग इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून हात दूर राखून, वेग वाढविताना खालची नळी दबते का ते मिस्त्रीकडून नव्हे तर स्वतः पाहून घ्यावे.