दुसरी वाट खरोखर दुसरी आहे का?

जुन्या मराठी नियतकालिकांची पाने संगणकीय रूपात जतन करणाऱ्या एका प्रकल्पाच्या समितीवर मी काही वर्षे काम करतो आहे. ही पाने ज्या सर्व्हरवर ठेवली आहेत, ते एका डेटा सेंटरमध्ये आहेत. वीज, थंडावा, पहारा यांची तेथे चोख व्यवस्था आहे. तरीही रस्त्याच्या खोदकामात एक केबल तुटली आणि आमचा संग्रह दिवसभर कोणालाच उघडता आला नाही. ग्वाल्हेरचा एक विद्यार्थी प्रबंधातील संदर्भ पडताळत होता. त्याचा फोन आला तेव्हा मी निरुत्तर झालो, कारण अशा प्रसंगासाठीच आम्ही दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी घेतली होती.

मग दोन्ही एकदम कशा बंद पडल्या? दुसऱ्या कंपनीची त्या भागात स्वतःची केबल नव्हतीच. तिने पहिल्या कंपनीच्या केबलमधील तंतू भाड्याने घेतले होते. बिले दोन येत होती, वाट एकच होती. पाठचिकित्सेत एकाच पोथीवरून उतरवलेल्या दोन प्रतींना आपण दोन स्वतंत्र साक्षी मानत नाही. वर्गात हे शिकवणाऱ्या मला करार करताना मात्र ते आठवले नाही.

कंपन्या वेगळ्या आणि केबलही वेगळ्या असल्या, तरी धोका टळतोच असे नाही. १८ जुलै २००१ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहराखालच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. त्याच बोगद्यातून अनेक कंपन्यांच्या केबल गेल्या होत्या. त्या जळाल्या आणि दूरवरच्या इंटरनेट सेवेलाही त्याची झळ पोहोचली.

म्हणून दुसरा पुरवठादार निवडताना दरपत्रकाआधी नकाशा मागावा. केबल कोणत्या रस्त्याने येते, कोणता पूल ओलांडते, इमारतीत कोणत्या बाजूने शिरते, हे त्यावर पाहावे. पुढे ही कंपनी बाहेरच्या जगाशी कोणामार्फत जोडलेली आहे, हेही विचारावे. दोन्ही पुरवठादार पुढे एकाच मोठ्या कंपनीवर अवलंबून असतील, तर अडचण फक्त चार कोस पुढे सरकते.

दुसरा प्रश्न पत्त्यांचा. इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो. तो पहिल्या कंपनीने तिच्या साठ्यातून दिला असेल, तर ती बंद पडल्यावर दुसरी वाट मोकळी असूनही बाहेरच्यांना तो पत्ता सहसा सापडत नाही. त्यासाठी संस्थेने स्वतःचे पत्ते आणि स्वतंत्र जाळे म्हणून ओळख देणारा क्रमांक घ्यावा. भारतात हे काम ‘आयरिन’ ही नोंदणी व्यवस्था पाहते. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा किमान २५६ चा गट असावा लागतो. त्याहून लहान गटाची घोषणा बहुतेक जाळी स्वीकारत नाहीत. मग ‘बीजीपी’ या नियमावलीनुसार आपला राउटर दोन्ही कंपन्यांमार्फत आपले पत्ते जगाला कळवतो. एक वाट तुटली की जगभरचे राउटर काही वेळात दुसरीकडे वळतात.

तिसरा प्रश्न क्षमतेचा. दोन्ही जोडण्या साठ-साठ टक्के भरलेल्या असतील, तर एक गेल्यावर दुसरीवर तिच्या क्षमतेच्या १२० टक्के भार येतो. म्हणजे ती असून नसल्यासारखीच. गर्दीच्या वेळीही संपूर्ण भार एकटीला पेलता येईल, एवढी प्रत्येक जोडणी मोठी हवी.

आम्ही अखेर महागडी पण विरुद्ध दिशेच्या रस्त्याने येणारी जोडणी घेतली. समितीत खर्चावर वाद झाला. तेव्हा मी त्या विद्यार्थ्याच्या फोनची आठवण दिली. आता वर्षातून दोनदा, आधी सूचना देऊन, एक जोडणी आम्ही मुद्दाम बंद करतो आणि संग्रह उघडतो का ते बाहेरून पाहतो. करारात दोन वाटा लिहिलेल्या असतात. त्या जमिनीवर आहेत का, ते असे तपासल्यावरच कळते.