भिंतीआडची शहरं (भाग ४) : फेझ, पाण्याच्या मागोमाग

मागच्या भागात आपण माराकेशमध्ये होतो. तिथली जमीन सपाट, त्यामुळे अॅटलासच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या लांबलचक बोगद्यांमधून शहरापर्यंत ओढून आणावं लागलं. फेझमध्ये असले कष्ट पडले नाहीत. शहर एका खोलगट दरीच्या उतारावर वसलेलं आहे आणि नदी त्याच्या डोक्यावरून, पश्चिमेच्या पठारावरून येते. पाणी उपसायची गरजच नाही. वाट करून दिली की ते आपणहून घराघरांत उतरतं.

फेझला तीन-चार दिवस काढणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. जुन्या शहरात, म्हणजे मदीनेत, हजारो गल्ल्या आहेत. कित्येक गल्ल्यांत समोरून गाढव आलं तर आपल्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. 'बालाक!' अशी आरोळी ऐकू आली की आधी बाजूला व्हावं आणि मग वळून बघावं. मोबाइलवरचा नकाशा या उंच भिंतींमध्ये पार गोंधळून जातो. उतार मात्र फसवत नाही. खाली चालत राहिलात तर नदीकाठच्या रसीफ चौकात पोहोचता, तिथे टॅक्सी मिळते. चढत राहिलात तर वरच्या बाब बू जलूद दरवाज्याशी निघता. 'पुढे रस्ता बंद आहे, मी दाखवतो' असं सांगत मागे लागणाऱ्या पोरांपेक्षा हा नियम भरवशाचा आहे.

या शहराचा जन्मही नदीच्या दोन काठांवर, दोनदा झाला. अब्बासी खलिफांपासून जीव वाचवून पळालेला पहिला इद्रिस इथे आला आणि त्याने 789 मध्ये उजव्या काठावर वस्ती वसवली. त्याच्या मुलाने, दुसऱ्या इद्रिसने, 809 च्या सुमारास डाव्या काठावर दुसरी वसवली. 818 मध्ये अंदलूसमधल्या, म्हणजे मुस्लिम स्पेनमधल्या, कोर्डोबात बंड झालं. तिथून हाकलले गेलेले लोक उजव्या काठावर आले आणि त्या भागाला अंदलूस म्हणू लागले. मग ट्युनिशियातल्या कैरुआनची कुटुंबं डाव्या काठावर स्थिरावली आणि तो भाग करवीयीन झाला. मधल्या ओढ्याच्या दोन बाजूंना दोन शहरं, प्रत्येकाचा तट वेगळा, मोठी मशीद वेगळी, आणि भांडणं कायमची. अकराव्या शतकात अल्मोराविद सेनानी यूसुफ इब्न ताशफीनने फेझ जिंकलं, मधल्या भिंती पाडल्या आणि दोघांना एकाच तटात कोंडलं.

पाण्याची खरी व्यवस्था त्यानंतर बहरली. नदी शहरात शिरण्याआधीच तिचे फाटे काढले जात. गल्ल्यांच्या खालून जाणारे पाट आणि मातीचे नळ ते पाणी मशिदींना, हमामांना, चक्क्यांना, धनिकांच्या अंगणातल्या कारंज्यांना पोहोचवत. पिण्यासाठी झऱ्यांचं पाणी वेगळ्या नळांनी येई आणि सांडपाण्याचे पाट आणखी वेगळे. सगळं केवळ उताराच्या जोरावर. संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्याला हे पटकन उमगेल. तिथे डोंगरातून नळाने आलेलं पाणी एक जातं फिरवतं, इथे साऱ्या शहरभर अशी शेकडो जाती फिरत. कुणाचा नळ कुठून फुटतो, कुणाच्या वाट्याला किती पाणी, हे ठाऊक असलेल्या कारागिरांचा एक खास वर्ग होता आणि पाण्यावरून तंटा झाला की त्यांचाच शब्द घेतला जाई.

पाणी वरून येतं याचा अर्थ असाही होतो की वर बसलेल्याच्या हाती गावाची नाडी असते. 1145 मध्ये अल्मोहाद नेता अब्द अल-मूमिनने फेझला वेढा घातला, तेव्हा शहर दाद देईना. त्याने वरच्या अंगाला नदी अडवली, पाणी साठू दिलं आणि मग बांध फोडला. लोंढ्याने तटालाच भगदाड पाडलं. पुढे मरीनी सुलतानांनी 1276 मध्ये नवी राजनगरी बांधायला घेतली, ती जुन्या शहराच्या वरच्या अंगाला, नदीवरच. तिचं नाव फेझ अल-जदीद, म्हणजे नवं फेझ. आज साडेसातशे वर्षांचं असूनही ते 'नवं'च आहे. राजवाडा तिथे का, हा प्रश्न त्या वेढ्याची गोष्ट कळल्यावर उरत नाही.

पहिल्या दिवशी बाब बू जलूदपासून उतरायला सुरुवात करावी. या दरवाज्याची बाहेरची बाजू निळ्या फरश्यांची, आतली हिरव्या. फेझच्या प्रत्येक पोस्टकार्डावर तो असतो, पण वयाने तो तसा पोरच. तो 1913 मध्ये, फ्रेंच अमलात बांधला गेला. आत शिरलं की तलआ कबीरा ही मोठी उतरंड सुरू होते आणि थोड्याच अंतरावर बू इनानिया मदरसा लागतो. सुलतान अबू इनानने तो 1350 ते 1355 या काळात बांधवला. खाली रंगीत फरश्यांची नक्षी, तिच्यावर कोरीव चुना, त्याच्या वर देवदाराचं काळपट लाकूड, असे तीन थर. मला मात्र सर्वांत जास्त आवडला तो अंगण आणि प्रार्थनेची जागा यांच्यामधून वाहणारा पाट. नदीचा एक फाटा चक्क इमारतीतून नेलेला आहे. बांधकामाचा खर्च ऐकवला गेला तेव्हा सुलतानाने हिशेबाची वही पाण्यात फेकून दिली अशी दंतकथा आहे. लेखापरीक्षणाला कंटाळलेल्या कुणालाही ती आवडावी.

समोरच्या भिंतीवर बारीक खिडक्यांची एक ओळ दिसते. ते 1357 चं पाण्यावर चालणारं घड्याळ. खिडक्यांखाली पितळी वाट्या, ठरावीक वेळी वाटीत पडणारा गोळा. ते आतून कसं चालायचं, हे आज कुणालाच नीट सांगता येत नाही.

याच अबू इनानच्या दरबारात मराठी वाचकाने थोडं रेंगाळावं असं एक कारण आहे. मदरशाचं काम चालू होतं त्याच वर्षांत इब्न बतूता आपला प्रवास संपवून फेझला पोहोचला होता. सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने सगळा वृत्तान्त तोंडी सांगितला आणि इब्न जुझय्य या पंडिताने तो लिहून काढला. ग्रंथ 1355 च्या अखेरीस पुरा झाला. त्यात दौलताबादचा किल्ला आहे, तिथला गायिकांचा बाजार आहे, गोव्याच्या बेटावरची लढाई आहे. नंदुरबारचे मराठेही आहेत: भात, भाज्या आणि तिळाचं तेल खाणारे, जनावर मारणं नको असणारे, जेवणाआधी अंघोळ करणारे. चौदाव्या शतकातल्या आपल्या मुलखाचं हे चित्र अॅटलासच्या पलीकडे, या उतारावरच्या शहरात कागदावर उतरलं. दरबारी मंडळींना त्याच्या हिंदुस्थानच्या कथा थापाच वाटत होत्या. त्याच दरबारात नोकरीला असलेल्या इब्न खल्दूनने ही कुजबुज नोंदवली आहे. तेव्हाच्या एका वजिराने त्याला बजावलं की आपण पाहिलं नाही एवढ्यासाठी एखादी गोष्ट खोटी मानू नये. वजीर शहाणा होता.

तलआवरून खाली येताना बाजार बदलत जातो आणि त्या बदलाला नियम आहे. मधोमध करवीयीन मशीद. तिच्या भोवती पूर्वापार स्वच्छ आणि मानाचे धंदे: अत्तरं, मसाले, मेणबत्त्या, पुस्तकं, रेशीम. त्यापलीकडे सुतार आणि तांबट. सफारीन चौकातले तांबट आजही भल्यामोठ्या कढया ठोकत बसलेले असतात. त्यांच्या ठणठणाटाला लागूनच करवीयीनचं ग्रंथालय आहे, म्हणजे वाचणाऱ्यांची सहनशक्ती मोठीच म्हणायची. वासाचे आणि घाणीचे धंदे सगळ्यांत खाली, नदीच्या काठी, जिथून पाणी शहराबाहेर पडतं. कुणाची पेठ कुठे, हे असं दोन गोष्टींवरून ठरलं: मशिदीपासूनचं अंतर आणि पाण्याची दिशा.

करवीयीनबद्दल थोडं सावधपणे बोलायला हवं. फातिमा अल-फिहरी या कैरुआनच्या स्त्रीने वारशाच्या पैशातून 859 मध्ये ही मशीद बांधली, अशी परंपरा आहे. ती आपल्याला कळते ती चौदाव्या शतकातल्या एका इतिहासग्रंथातून, म्हणजे जवळपास पाचशे वर्षांनंतर. इमारतीत सापडलेल्या एका जुन्या लेखात इद्रिस घराण्यातल्या दाऊदचं नाव आणि 877 च्या सुमाराचं साल आहे. म्हणून काही अभ्यासक फातिमाच्या कथेकडे साशंकतेने पाहतात. 'जगातलं सर्वांत जुनं विद्यापीठ' हा दावाही विद्यापीठ कशाला म्हणायचं यावर अवलंबून आहे. इथे शेकडो वर्षं अध्यापन चाललं हे निर्विवाद, पण आधुनिक अर्थाने विद्यापीठ म्हणून सरकारी व्यवस्थेत ते 1963 मध्ये आलं. माझ्या मते या शिक्क्याची करवीयीनला गरजच नाही. मुस्लिमेतरांना मोरोक्कोतल्या बहुतेक मशिदींत प्रवेश नाही, तेव्हा उघड्या दारांतून हिरव्या कौलांचं अंगण पाहून समाधान मानायचं. शेजारच्या अत्तारीन मदरशात मात्र तिकीट काढून जाता येतं. तो 1323 ते 1325 मधला, बू इनानियापेक्षा लहान आणि माझ्या मते अधिक रेखीव.

मग चामड्याचं काम. चुआरा या चर्मालयाच्या वरच्या दुकानांच्या गच्चीतून खाली दगडी कुंडांचा पट दिसतो, हातात पुदिन्याची काडी दिली जाते, आणि ती लागते. पांढऱ्या कुंडांत चुना आणि कबुतरांची विष्ठा कालवलेली असते. चुन्याने केस सुटतात आणि विष्ठेने कातडं मऊ पडतं. मग ते धुतात, झाडाच्या सालींनी कमावतात आणि रंगवतात. माणसं मांडीपर्यंत कुंडात उभी राहून पायांनी कातडं तुडवतात. वरून फोटो काढणाऱ्यांनी हे काम उन्हात दिवसभर करायचं असतं एवढं ध्यानात ठेवावं. रंग खसखशीच्या फुलांचे, निळीचे, डाळिंबाच्या सालीचे असं दुकानदार सांगतो. काही असतीलही. सगळे नाहीत, रासायनिक रंग इथे केव्हाच आले आहेत.

इथेच त्या जुन्या, हुशार जलव्यवस्थेची दुसरी बाजू दिसते. पाणी स्वच्छ आणणारा उतार घाणही तितक्याच सहज खाली नेतो. चर्मालयांतलं क्रोमियम, तांबटांच्या कामातले धातू आणि वाढत्या वस्तीचं मैलापाणी वर्षानुवर्षं सेबू नदीत जाऊन पडलं. मदीनेतल्या ओढ्याचा काही भाग तर सिमेंटने झाकून त्यावर रस्ता आणि गाड्यांसाठी जागा केली गेली. फेझमध्येच जन्मलेल्या वास्तुरचनाकार अझीझा शाऊनी यांनी तो ओढा पुन्हा उघडा करून स्वच्छ करण्याची योजना आखली. करवीयीनच्या ग्रंथालयाची दुरुस्तीही त्यांचीच. काम बरंच झालं आहे, पण सेबू अजून निरोगी म्हणण्याजोगी नाही.

दुसरा दिवस पूल ओलांडून अंदलूस काठाला द्यावा. पर्यटक इकडे कमी येतात, त्यामुळे सामान विकायला कुणी मागे लागत नाही. इथल्या सहरीज मदरशाच्या अंगणात कारंज्याऐवजी मोठा आयताकृती हौद आहे. जुन्या मोहल्ल्याची रचनाही इकडे निवांत बघता येते: एक मशीद, एक हमाम, एक पाणपोई, मुलांची कुराणशाळा आणि फर्रान, म्हणजे सगळ्यांची मिळून एक भट्टी. घरी मळलेल्या कणकेचे गोळे फळीवर ठेवून पोरं तिथे नेतात आणि भाजलेली पावरोटी घेऊन परततात. भट्टीवाला कुठली रोटी कुणाची हे अचूक ओळखतो.

शाकाहाऱ्यांनी सकाळी बिसारा शोधावा. सुक्या बाकल्याच्या दाण्यांची दाट आमटी, वर ऑलिव्हचं तेल आणि जिऱ्याची पूड. स्वस्त, पोटभरीची, आणि मजूरही तीच खातात. कबुतराच्या मांसाची गोडसर पस्तीया इथली खासियत खरी, पण हरीरा सूपमध्येही बहुधा मांस असतं, तेव्हा आधी विचारलेलं बरं.

आजच्या मदीनेची पडझड समजून घ्यायची तर 1912 कडे जावं लागतं. त्या वर्षी 30 मार्चला इथेच झालेल्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. एप्रिलमध्ये शहरात उठाव झाला आणि त्यात मेल्लाह ही ज्यूंची वस्ती लुटली गेली. फ्रेंच प्रशासक ल्योते याने राजधानी रबातला हलवली आणि युरोपियनांसाठी मदीनेपासून अंतर राखून वेगळं शहर उभारलं. त्याने जुनं शहर पाडलं नाही, याचं श्रेय त्याला दिलं जातं. पण सत्ता गेली, पुढे व्यापारी घराणी कॅसाब्लांकाला गेली आणि रिकाम्या वाड्यांत खेड्यांतली गरीब कुटुंबं खोलीखोलीने राहू लागली. वाडे खचत गेले. 1981 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यावर दुरुस्तीला वेग आला, तरी लाकडी टेकू दिलेल्या भिंती अजून अनेक गल्ल्यांत दिसतात.

जाणाऱ्यांना थोडं व्यवहाराचं. पहिल्या दिवशी सकाळी परवानाधारक वाटाड्या घ्या, दुपारनंतर त्याला निरोप द्या आणि उताराच्या नियमावर एकटे फिरा. चामड्याच्या दुकानात गच्चीवर जाण्याआधीच ठरवा की विकत काही घ्यायचं आहे की नाही. शुक्रवारी दुपारनंतर मदीनेतली बहुतेक दुकानं बंद असतात. तो दिवस फेझ अल-जदीद आणि 1438 मध्ये वसलेल्या मेल्लाहसाठी राखून ठेवा, आणि संध्याकाळी मरीनी कबरींच्या टेकडीवर जा, तिथून दोन्ही काठ एकत्र दिसतात. पुढच्या भागात इथून रेल्वेने तासाभराहूनही कमी अंतरावरचं मेकनेस.