गुडविल नावाचा खेळाडू

ताळेबंदात ‘गुडविल’ नावाची एक नोंद असते. ती गोदामात साठवता येत नाही, तरी पेढी विकताना तिचे मोल मोजावे लागते. आपण तिला पत म्हणतो. अमेरिकेतील एका खेळाडूचे मधले नावच गुडविल होते.

अल्बर्ट गुडविल स्पाल्डिंग हा बेसबॉलमधला पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा. त्या काळी चेंडू 45 फुटांवरून, हात खालून फिरवून टाकीत. 1867 मध्ये किशोरवयीन अल्बर्टच्या रॉकफर्ड संघाने वॉशिंग्टनच्या नामांकित संघास नमविले आणि त्याचे नाव झाले. 1871 मध्ये पहिली व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. तीत बोस्टनने 1872 ते 1875 सलग चार विजेतेपदे मिळविली, ती मुख्यतः त्याच्या बळावर. 1876 मध्ये शिकागोसाठी त्याने 47 सामने जिंकले.

त्याच वर्षी, आईने दिलेल्या 800 डॉलरच्या भांडवलावर, त्याने भाऊ वॉल्टरसह शिकागोत खेळसाहित्याचे दुकान थाटले. तेव्हा चेंडू उघड्या हातांनी झेलत. हातमोजा घालणे भित्रेपणाचे मानीत. 1877 मध्ये स्पाल्डिंगने सर्वांसमक्ष काळा हातमोजा घातला. एवढ्या नामवंत खेळाडूस हसणार कोण? हातमोजा हळूहळू रूढ झाला आणि त्याच्या दुकानातला खपही वाढला. तिशीपूर्वीच मैदान सोडून तो पूर्णवेळ व्यापारी झाला. 1888–89 मध्ये दोन संघ घेऊन तो ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्त व युरोप फिरला.

पण हीच पत एकदा वेगळ्या कामी आली. बेसबॉल इंग्लंडमधील जुन्या खेळातून आला, हे त्याला रुचत नव्हते. त्याच्या पुढाकाराने 1905 मध्ये समिती नेमली गेली. ॲबनर डबलडे यांनी 1839 मध्ये कूपर्सटाउन येथे हा खेळ शोधला, असा निष्कर्ष तिने काढला. आधार होता एका वृद्धाच्या आठवणींचा. इतिहासकारांनी तो पुढे खोडून काढला. तोवर पिढ्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता.

कर्ज देताना आम्ही बँकवाले तारणाआधी माणसाचे नाव पाहत असू. नाव मोठे असले की कागद तपासणारा हात सैल पडतो. म्हणूनच ज्याची पत मोठी, त्याने आपला शब्द स्वतःच अधिक कसोशीने तपासावा. हातमोजा खरा उपयोगी होता, म्हणून टिकला. कथेला पुरावा नव्हता, तिला केवळ नावाने तारले.