शिराळ्याचे बाइट किती?

नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याचं नाव प्रोग्रामरनं आपल्या टेस्ट डेटात जरूर ठेवावं. स्ट्रिंगचा बाइट ॲरे झटपट कसा करायचा, याविषयीचे बरेच गैरसमज या एका नावात उघडे पडतात.

एक अक्षर म्हणजे एक बाइट, हा त्यातला सगळ्यात जुना. ‘शिराळा’ वाचताना अक्षरं तीन. युनिकोडच्या हिशेबात मात्र सहा चिन्हं: श, वेलांटी, र, काना, ळ, काना. (वेलांटी दिसते श च्या आधी, साठवली जाते नंतर.) यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे १८ बाइट झाले, यूटीएफ-१६ मध्ये १२. १९९१ च्या इस्की मानकात सहा बाइटांत भागायचं, पण आता इस्कीला विचारतो कोण?

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. वेग हवाय ना, मग एन्कोडिंगच्या भानगडीत न पडता प्रत्येक कॅरेक्टर सरळ बाइटमध्ये कास्ट करा! लूप खरंच पळतो, इंग्रजी नावांवर टेस्टही पास होते. पण जावा आणि सी-शार्पमध्ये कॅरेक्टर १६ बिटांचं असतं. कास्ट करताना वरचे आठ बिट गळून पडतात. ‘श’चा हेक्स कोड ०९३६. त्यातले ०९ गेले, उरले ३६, आणि आस्कीत हेक्स ३६ म्हणजे इंग्रजी सहाचा आकडा. असं करत अख्ख्या गावाचं नाव होतं 6?0>3>. एरर नाही, एक्सेप्शन नाही. पत्त्यात आधीच घर नंबर 6 असेल, तर खरा सहा कुठला आणि ‘श’ कुठला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा लॅटिन-१ एन्कोडिंग बरं म्हणायचं: ते निदान सहा प्रश्नचिन्हं देऊन चूक डोळ्यांसमोर आणतं.

वेगाच्या आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास नको. २०१७ च्या जावा ९ पासून लॅटिन-१ मध्ये बसणारी स्ट्रिंग आतून एका कॅरेक्टरला एकच बाइट वापरते. एक जरी देवनागरी चिन्ह आलं की सगळी स्ट्रिंग यूटीएफ-१६ मध्ये जाते. म्हणजे इंग्रजी मजकुरावर मोजलेला वेग मराठीला लागू नाही. रस्टची गोष्ट वेगळी, तिथं स्ट्रिंग मुळातच यूटीएफ-८ बाइटांची असते, ते बाइट नुसते वाचायला खर्च जवळपास शून्य.

एन्कोडिंगचं नाव कोडमध्ये लिहायला मात्र विसरू नका. जावानं यूटीएफ-८ डीफॉल्ट केलं ते थेट २०२२ मध्ये, आवृत्ती १८ ला. आणि उलट दिशेनं, फोटोचे बाइट स्ट्रिंगमध्ये कोंबायचेच असतील तर बेस६४ वापरा: आकार एक तृतीयांशानं वाढतो, पण फोटो जसाच्या तसा परत मिळतो.